किती पेलते?

'पेलणे' हे मराठीतील एक समर्थ क्रियापद आहे. जबाबदारी पेलायची असते, भूमिका पेलायची असते, शिवधनुष्य तर पेलायचेच असते. नुसते उचलणे म्हणजे पेलणे नव्हे. उचलणे हे क्षणाचे काम आहे. पेलण्यात काळ आहे, तोल आहे, आणि उचललेली वस्तू उचलणाऱ्याला मोडणार नाही अशी अपेक्षाही आहे. समीक्षेतही आपण 'कथेला हा आशय पेलवला नाही' असे म्हणतो, तेव्हा दोष आशयाचाही नसतो आणि कथेचाही नसतो. दोहोंच्या जोडणीत कुठेतरी चूक झालेली असते.

हे क्रियापद अलीकडे मला एका अनपेक्षित ठिकाणी ऐकायला मिळाले. वसई पूर्वेला, गाड्यांत ध्वनियंत्रणा बसवून देणाऱ्या एका छोट्या दुकानात. दुकानाचा मालक माझा माजी विद्यार्थी. बी.ए.ला मराठी घेऊन उत्तीर्ण झालेला, पण पोटासाठी वायर आणि डाग देण्याची कावी हाती धरलेला. माझ्या पुतण्याने जुनी गाडी विकत घेतली होती आणि तिच्या डिकीत सबवूफर बसवायचा त्याचा हट्ट होता. त्याने पसंत केलेल्या खोक्यावर भल्या मोठ्या अक्षरांत '१२०० वॅट' असे छापलेले होते. विद्यार्थ्याने खोका उलटा केला, खालच्या बाजूची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, "सर, हा तीनशे पेलतो. बाराशे लिहिलंय ते सोडा."

बाराशे आणि तीनशे यांतले अंतर म्हणजे काय, हे समजून घेण्यात माझी ती दुपार गेली. आमच्या पिढीला असल्या आकड्यांची सवय आहे. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात हातात मावेल एवढ्या यंत्रावर 'पीएमपीओ'चे हजारो वॅट छापलेले असत आणि आम्ही ते भक्तिभावाने वाचत असू. हा शिखराचा आकडा. निमिषार्धात, आदर्श परिस्थितीत, विकणाऱ्याच्या मनात येईल तेवढा. त्याच्या शेजारी, किंवा बहुधा त्याच्या खाली, दुसरा आकडा असतो. बाजारात त्याला 'आरएमएस' म्हणतात. गणितात वर्गमाध्यमूळ म्हणतात ते हेच. तपशिलात न शिरता सांगायचे तर, यंत्र न थकता, न जळता सतत जेवढी शक्ती सोसू शकते तेवढीच हा आकडा सांगतो. शिखर जाहिरातीसाठी असते, सातत्य कामासाठी.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरही तसाच मोठा आकडा होता. तो खरा की खोटा हे ओळखायला विद्यार्थ्याने एक सोपी युक्ती सांगितली: यंत्राचा फ्यूज पाहावा. फ्यूज जाहिरात करत नाही. त्यावर ३० अँपिअर लिहिले असेल, तर इंजिन चालू असताना गाडीतल्या सुमारे १३.८ व्होल्टला आत येणारी शक्ती ४१४ वॅटच्या आसपास होते. जुन्या धर्तीच्या 'एबी' वर्गातील यंत्रात तिच्यातील जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते. म्हणजे बाहेर पडतात दोनशेच्या आसपास. नव्या 'डी' वर्गातील यंत्र काटकसरी असते, ते सव्वातीनशेपर्यंत देऊ शकेल. पण ३० अँपिअरच्या वाटेने १२०० वॅट सतत येणार कुठून? गाडीतल्या मूळ प्लेअरवर छापलेल्या 'चार गुणिले पन्नास'चीही हीच गत. १४.४ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर हिशेब मांडला, तर आदर्श अवस्थेतही एका वाहिनीला पंचवीस-सव्वीस वॅटच्या वर काही निघत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

मग स्पीकर मरतो कशाने? त्याचे मरण दोन प्रकारचे असते. पहिले उष्णतेचे. स्पीकरला दिलेल्या शक्तीपैकी साधारण एक टक्का, कित्येकदा त्याहूनही कमी, ध्वनीत रूपांतरित होते. उरलेली सगळी त्याच्या मध्यभागी असलेल्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन बसते. ही उष्णता वाहून जाण्याआधी नवी येत राहिली की तारेवरचे रोगण आणि तिला धरून ठेवणारा डिंक जळतो. त्याचा एक विशिष्ट वास असतो. तो एकदा आला की दुरुस्तीची भाषा संपते. दुसरे मरण हालचालीचे. स्वर जितका खाली, तितका पडदा पुढेमागे अधिक धावतो. ८० हर्ट्झचा स्वर जेवढ्या जोराने ऐकू येतो, तेवढ्याच जोराने ४० हर्ट्झचा ऐकवायचा असेल, तर पडद्याला चौपट अंतर कापावे लागते. छिद्र असलेल्या पेटीत तर एका ठरावीक स्वराच्या खाली पडद्याला हवेचा आधारच उरत नाही, आणि तो मोकाट सुटतो. म्हणून तिथे फार खालचे स्वर अडवणारी गाळणी लावतात.

यात मला सर्वांत विचारप्रवृत्त करणारी गोष्ट वेगळीच वाटली. दुबळा ॲम्प्लिफायर सुरक्षित, असा माझ्यासारख्या सामान्य माणसाचा समज असतो. पण छोट्या यंत्राला त्याच्या कुवतीपलीकडे ओरडायला लावले की स्वराच्या लाटेचे माथे छाटले जातात. गोलाई जाऊन तिचा चौकोन होऊ लागतो. तेवढ्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लाटेत गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे दीडशे वॅटचे यंत्र किंचाळू लागले की ते तीनशेपर्यंत उष्णता ओतू शकते, आणि तीही बेसूर. त्यामुळे मोठ्या यंत्राला आवर घालून वाजवणे हे लहान यंत्राला ताणून वाजवण्यापेक्षा अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. आपल्या शक्तीच्या कडेवर उभे राहून लिहिणाऱ्या लेखकांची गद्ये आठवली. विशेषणांवर विशेषणे रचली जातात, प्रत्येक वाक्य कळसावर जाऊन पोहोचते, आणि शेवटी सर्व कळस छाटले जाऊन एक सपाट, सलग गोंगाट तेवढा उरतो.

विद्यार्थ्याने काम केले ते असे. सबवूफर ३०० वॅटचा, रोध ४ ओहम. ३०० ला ४ ने गुणले की १२००. त्याचे वर्गमूळ ३४.६. सबवूफर काढून ठेवून, यंत्रातून ५० हर्ट्झचा एकसुरी नाद सोडून, त्याने मल्टिमीटरचे टोक लावले आणि 'गेन'ची कळ हळूहळू फिरवत आकडा ३२ व्होल्टवर आणून थांबवला. "थोडी जागा ठेवायची, सर. गाणी एकसारखी नसतात." मग कळीवर त्याने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कुणी छेडछाड केली तर कळावे म्हणून. त्याचे म्हणणे असे की ही कळ आवाजाची नव्हेच. दोन यंत्रांत सामंजस्य घडवण्याची आहे. गिऱ्हाईक मात्र तिला आवाजाची कळ समजते.

सामंजस्य हा त्याचा शब्द. मला त्या ठिकाणी 'औचित्य' आठवले. अकराव्या शतकात काश्मिरात होऊन गेलेल्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली आणि औचित्य हेच काव्याचे जीवित असल्याचे मांडले. त्याचा मुद्दा साधा आहे: जे ज्याला साजेसे, ते उचित. मेखला गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला, तर दोन्ही दागिने खरे सोन्याचे असूनही हसेच होते. वर्गात हे शिकवताना मी नेहमी सांगतो की औचित्य हा कोणत्याही एका वस्तूचा गुण नाही. तो दोन वस्तूंमधला संबंध आहे. 'हा ॲम्प्लिफायर चांगला आहे का?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा. तो कोणत्या सबवूफरला, किती ओहमवर, कोणत्या पेटीत, हे सांगितल्याखेरीज त्याला उत्तर नाही. दोन वेटोळ्यांचा एकच सबवूफर, प्रत्येकी ४ ओहमचा, एकापुढे एक जोडला तर ८ ओहम होतो आणि समांतर जोडला तर २. वस्तू तीच, जोडणी बदलली की यंत्राकडून मागितली जाणारी शक्ती पालटते, आणि २ ओहम ज्याला झेपत नाहीत ते यंत्र तापून बंद पडते.

ध्वनीच्या संदर्भात वसईला एक जुनी आठवण आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, त्यानंतर इथल्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रभर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत, भीमाशंकरला, नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात त्या आजही दाखवल्या जातात. 'नारोशंकराची घंटा' हा तर भाषेतच रुळून बसलेला शब्दप्रयोग. घंटेला ॲम्प्लिफायर नसतो. तिची मर्यादा तिच्या धातूत ओतलेली असते. त्याहून जोरात बडवली तर ती मोठी वाजत नाही, तडकते. आणि तिचे सौंदर्य टोल्यात नसते, टोल्यानंतर उरणाऱ्या अनुरणनात असते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने व्यंग्यार्थाचा एक प्रकार समजावताना ह्याच अनुरणनाची उपमा वापरली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. शब्द वाजून जातो, अर्थ मागाहून लहरत येतो. त्यासाठी टोल्याच्या आगेमागे थोडी शांतता लागते.

पुतण्याला ही शांतता नको होती. त्याला दुसरा सबवूफर हवा होता, निदान ६०० वॅट तरी. 'आवाज डबल होईल ना, काका.' विद्यार्थ्याने त्याला शांतपणे सांगितले की शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो फरक 'जरासा' एवढाच वाटतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. पैसे दुप्पट, बॅटरीवरचा ताण दुप्पट, हाती लागणार ते जरासे.

इथपर्यंतचे सगळे यंत्रांचे झाले. पण घरी येऊन मी वाचू लागलो तेव्हा एक जुळणी सापडली आणि मी हातातले बाजूला ठेवून बसलो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसाला फार तर आठ तास ऐकावा. आणि त्यावर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. दर ३ डेसिबलला! म्हणजे पुतण्याने तीनशेचे सहाशे केले तर त्याच्या कानाला फरक जेमतेम जाणवेल, पण कानाची सुरक्षित वेळ मात्र अर्धी होईल. खालच्या स्वरांच्या बाबतीत कान थोडा अधिक सोशिक असतो, हे खरे. पण गाडीत नुसते खालचे स्वर वाजत नसतात, आणि काचा लावलेल्या त्या लहानशा पोकळीत खालचे स्वर आपोआप फुगतात. ॲम्प्लिफायर सबवूफरशी जुळवला. सबवूफर पेटीशी जुळवला. साखळीत शेवटचा पडदा कानाचा. त्याच्या खोक्यावर काहीच छापलेले नाही.

हे वाचून मी थबकलो याचे कारण दादा. माझा थोरला भाऊ, म्हणजे ह्या पुतण्याचे वडील. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर त्याने बावीस वर्षे काढली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. तिथे ती कुणी मोजली असेल असे वाटत नाही. कानांत घालायला बोळे मिळत, ते घातले तर शेजारच्याची हाक ऐकू येत नसे आणि प्रेसवर हाक ऐकू न येणे म्हणजे बोटे जाण्याची भीती. तेव्हा बोटे राखली आणि कान दिले. एकाही दिवशी असा काही स्फोट झाला नाही की ज्याच्याकडे बोट दाखवावे. शिखर कधी नव्हतेच. होते ते सातत्य. बावीस वर्षे त्याने ते पेलले, असे आम्ही कौतुकाने म्हणत आलो.

सततच्या गोंगाटाने कान जातो तो एका विशिष्ट क्रमाने. प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासची जाणीव घटते, आणि मग ती खाच रुंदावत जाते. खालचे स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात. आपल्या बोलण्यात स्वरांचे बळ खालच्या पट्ट्यात असते. 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजने वरच्या पट्ट्यात आणि क्षीण. म्हणून असा माणूस म्हणतो, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' दादाही हेच म्हणतो. त्याला स्वर ऐकू येतात, व्यंजने येत नाहीत. वहिनी 'साखर' म्हणते, त्याच्यापर्यंत 'आ-अ-अ' एवढेच पोहोचते. उरलेले तो ओठांवरून, प्रसंगावरून, सवयीने भरून काढतो. व्यंजन आणि व्यंजना एकाच धातूपासून आले आहेत हे मी किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो. 'प्रकट करणारे' हा त्यांचा अर्थ घरातच समोर बसलेला होता.

सबवूफरच्या हट्टामागचे खरे कारण पुतण्याने मला त्यानंतर सांगितले. मित्राच्या गाडीत एकदा दादा पुढच्या सीटवर बसला होता. मागे सबवूफर वाजत होता. दादाने डॅशबोर्डवर तळवा ठेवला आणि ढोलकीचा ठेका बोटांनी बरोबर धरला. "बाबांना गाणं कळलं, काका. कित्येक वर्षांनी. म्हणून मोठा घ्यायचा होता." माझ्याजवळ यावर तत्काळ काही बोलणे नव्हते. ज्या गोंगाटाने बापाचे कान नेले, त्याच जातीची गोष्ट मुलगा बापासाठी प्रेमाने विकत घेत होता. आणि ती बापापर्यंत पोहोचतही होती.

पण विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो जे बोलला ते मला पुस्तकातही सापडले. खालचा जोरकस स्वर वरच्या क्षीण स्वरांना झाकून टाकतो. बास वाढवला की ठेका ठळक होतो, पण शब्द आणखी बुडतात. ज्याची व्यंजने आधीच गेली आहेत त्याची तर उरलीसुरलीही. दादाला सहाशे वॅटचा उपयोग नव्हता. ठेक्यासाठी तीनशेही पुष्कळ झाले असते, आणि शब्दांसाठी सबवूफर हे यंत्रच चुकीचे होते.

कायद्याकडे बोट दाखवणे इथे सोपे आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मज्जाव केला. वसई-विरारमध्ये लग्नसराईत, गणपतीत, टेम्पोवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतींसमोर उभे राहिले की ह्या आकड्यांची कीव येते. ब्रास बँडवर नाचणारी इथली लग्ने मी पाहिली आहेत. बँडवाल्याला श्वास घ्यायला थांबावे लागे, एवढीच त्या आवाजाची मर्यादा होती आणि ती पुरेशी होती. पण आपल्या गाडीच्या काचा लावून, आपल्याच कानांत, आपल्याच खर्चाने ओतलेल्या आवाजाला कोणता नियम अडवणार? तिथे कळीवरचा लाल ठिपका तेवढा आहे.

पुतण्याने तीनशेवर समाधान मानले आणि उरलेल्या पैशांत स्वतःची भर घालून दादाला श्रवणतज्ज्ञांकडे नेले. मीही बरोबर गेलो. तिथे जे चालले होते ते पाहून पुतण्या आणि मी एकमेकांकडे पाहिले. श्रवणयंत्र म्हणजे शेवटी कानात बसणारा ॲम्प्लिफायरच. पण दादाच्या कानाला तो सरसकट लावून चालत नाही. जखमी कानाचे वैशिष्ट्य असे की हळू आवाज त्याला ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, कधी त्याहूनही लवकर, असह्य होतो. मधली जागा अरुंद असते. म्हणून त्या बाईंनी प्रत्येक पट्टीवर दोन गोष्टी मोजल्या: दादाला कमीत कमी किती ऐकू येते, आणि जास्तीत जास्त किती सोसते. दुसऱ्या आकड्यापाशी त्यांनी यंत्राला कुलूप घातले. त्यापलीकडे बाहेर काहीही वाजो, यंत्र दादाच्या कानात ते जाऊ देणार नाही. खालचे स्वर त्यांनी फारसे वाढवलेच नाहीत. वाढवली ती व्यंजनांची जागा.

"आजोबा, हा आवाज सहन होतोय का?" असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. सुरुवातीला दादा प्रत्येक वेळी 'हो' म्हणे. बावीस वर्षांची सवय ती. विचारले की 'चालतंय' म्हणायचे. तिसऱ्यांदा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चालवून घेऊ नका. त्रास होतो तिथे हात वर करा." दादाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले. पुढच्या नादाला त्याने हात वर केला.

यंत्र त्याला अजून अंगवळणी पडलेले नाही. स्थानकाबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीत तो ते काढून खिशात टाकतो. कागदाची सळसळ आणि नळाचे पाणी यांचा त्याला वैताग येतो, कारण ते आवाज जगात असतात हेच तो विसरला होता. महिन्याभराने जुळणी पुन्हा तपासायला बोलावले आहे. अशी ती दोन-तीनदा तरी करावी लागते, असे त्या म्हणाल्या.